पैसा पाण्यातच घाल

प्रश्न: काका, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. घरात दोन फुटी काचेची टाकी पडून आहे. तिच्यात पूर्वी गप्पी होते, आणि एकदा ते आजारी पडले तेव्हा दादाने कुठलंतरी निळं औषध घातलं होतं. मला तिच्यात खाऱ्या पाण्यातलं शेवाळ वाढवायचं आहे, मासे नकोत. शिकवण्यांचे साठवलेले चार हजार रुपये आहेत, पुढे महिन्याला दोनशे-तीनशे काढता येतील. गुजरातेत एवढं मीठ पिकतं, मग खडामीठ चालेल का? मावशी द्वारकेला जाणार आहे, तिच्याकडून पाणी आणि शेवाळ मागवू का? दुकानदार म्हणतो, स्किमर आणि चिलर घ्यायची ऐपत नसेल तर खाऱ्या पाण्याच्या नादी लागू नको. आई विजेचं बिल मोजते आहे, आजी म्हणते घरभर वास सुटेल. सुट्टी लागली की लगेच सुरू करू का?

उत्तर: चार हजारांत होईल. दुकानदाराच्या यादीने गेलीस तर मात्र होणार नाही. स्किमर हे यंत्र माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात उतरलेली घाण कुजण्याआधी फेसावाटे काढून टाकतं. तुझ्याकडे मासेच नाहीत. शिवाय प्रवाळ पाळणारे ज्या नायट्रेट-फॉस्फेटच्या नावाने बोटं मोडतात, त्यावरच तर तुझं शेवाळ जगणार आहे. चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, नाव काढू नकोस, उन्हाळ्याचं पुढे बघू. काच, दिवा, दगड यांत हवी तेवढी काटकसर कर. मिठात आणि पाण्यात करू नकोस.

खडामिठाचा प्रश्न गुजरातेत राहणाऱ्याला पडणारच. खाराघोड्याचं वडागरू, म्हणजे जाड खड्यांचं मीठ किराण्याच्या दुकानात गोणीने मिळतं आणि मासेवाल्याकडचं मीठ किलोला त्याच्या कितीतरी पट महाग, मग माणूस हिशेब करतोच. पण मिठागरात काय होतं ते बघ. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले वजनाने ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकीची किरकोळ मंडळी. पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, म्हणजे बरंचसं कॅल्शियम तिथेच गेलं. मग मीठ धरतं. ते ओढून घेतल्यावर मागे जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहून जातं. थोडक्यात, मीठ चांगलं पिकवायचं म्हणजे तुला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी त्यातून बाहेर काढायच्या. मीठ जितकं शुभ्र आणि कोरडं, तितकं तुझ्या कामाला निरुपयोगी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, खडामिठाच्या पाण्यात ते नावापुरतं. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध कोणता धातू बसलेला असतो, हे वनस्पतिशास्त्रवालीला मी काय सांगू!

एप्सम सॉल्ट, कॅल्शियम क्लोराइड वगैरे आणून घरी मिश्रण करता येतं, लोक करतातही. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नकोस. शेवाळ पिवळं पडलं तर दोष मिठाचा, उजेडाचा की खताचा, हेच कळणार नाही. मत्स्यालयासाठीचं तयार सागरी मीठ घे. त्यातही प्रवाळांसाठीचं भारी कॅल्शियमवालं नको, साधं घे.

किती लागेल? दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी काठोकाठ ५५ लिटरच्या आसपास. वरून दोन इंच सोडले, दगड-वाळूची जागा वजा केली की पाणी ४० लिटर. लिटरला ३७ ग्रॅम धर, म्हणजे सुरुवातीला दीड किलो. नंतर दर पंधरा दिवसांनी ४ लिटर पाणी बदलायचं, त्याला दीडशे ग्रॅम. महिन्याला तीनशे ग्रॅम, वर्षाला चार किलो. हा कायमचा खर्च तुझ्या दोनशे-तीनशेत बसवायचा आहे, म्हणून मोठ्या टाकीचा मोह नको. अगदी लहान बरणीही नको, कारण तिच्यातलं पाणी एका दुपारीत प्रमाणाबाहेर खारट होतं.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे. चार हजारांतली ही दुसरी वस्तू जिच्यात घासाघीस करायची नाही. तरंगत्या काट्याचं स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की थापा मारतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं: वर निळं, खाली पांढरं, आणि त्यांच्या सीमेवर आकडा. तो ३५ वर, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असावा. स्वस्त मीटर शुद्ध पाण्याला शून्य दाखवून वरच्या टोकाला चुकतात, तेव्हा ते ३५ लाच जुळवून घ्यायचे. आणि इथे तुझं खडामीठ कामाला येतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर कोरडं मीठ ३.६५ ग्रॅम मोज, त्यात शुद्ध पाणी घालून एकूण वजन १०० ग्रॅम कर. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो, तितकाच ३५ च्या समुद्राच्या पाण्यातून वाकतो. मीटरचा स्क्रू फिरवून आकडा तिथे आणायचा.

पाणी घरच्या आरओचं चालेल. फक्त बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो, तो मेकॅनिककडून बंद करून घे किंवा त्याच्या आधीच्या नळीतून पाणी काढ. टीडीएस मीटरवर ३०-४० च्या आत आलं की पुरे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकटचं आणि स्वच्छ दिसतं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं, ते टाकीत जाता कामा नये. मीठ बादलीत वेगळं कालवायचं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप सोडून रात्रभर फिरू दे. सकाळी पाणी नितळ दिसलं की मोज आणि मगच वापर.

तांब्यावरून त्या निळ्या औषधाकडे येतो. ते मेथिलीन ब्लू असेल तर सिलिकॉनच्या सांध्यांवर निळी छटा राहिली असेल, तिने काही बिघडत नाही. मोरचूद असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि शेवाळ मारायला तेच वापरतात. दादाला बाटली आठवते का विचार. आठवत नसेल तर जुनी वाळू, स्पंज, फिल्टर सरळ फेकून दे आणि काच व्हिनेगरच्या पाण्याने घासून दोन-चारदा पाणी बदलून भिजत ठेव. तरी मनात शंका राहिली तर काचवाल्याकडून नवी टाकी करून घे. पाच बाजूंच्या साध्या काचा आणि सिलिकॉन, यात फार पैसे जात नाहीत. जुनीच वापरणार असशील तर आधी गच्चीवर सपाट जागी जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवून दोन दिवस काठोकाठ भरून ठेव. कागद ओला झाला तर सांधा गेलाय.

आता मावशी. बडोद्याला समुद्र जवळचा म्हणजे कावी-कंबोई. भरतीत बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ बघायला आपण सगळेच गेलेलो आहोत. पाण्याचा रंग आठवतो ना? खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, सगळा गाळ सतत वर, त्यात महीचं गोडं पाणी येऊन मिळतं. ते पाणी तुझ्या कामाचं नाही. द्वारकेचं पाणी चांगलं असतं हे खरं, पण ४० लिटर पाण्याचे कॅन घेऊन रात्रभर गाडीत बसायला मावशीने काय तुझं घोडं मारलंय? पुढे दर पंधरवड्याला तिला द्वारका घडवणार का?

शेवाळही मागवू नकोस. ओख्यापासून आत कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, पिरोटन-नरारा ही बेटं धरून, १९८० पासून सागरी अभयारण्य आहे आणि १९८२ पासून त्यातला भाग राष्ट्रीय उद्यान. तिथून काही उचलणं हा गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरच्या खडकावरून ओरबाडलेलं शेवाळ बहुतेकदा जगत नाही. लाटांच्या माऱ्यात वाढलेली ती जात, तिचा खडकाला धरलेला पाया तुटलेला, आणि वर आठ-दहा तास पिशवीत कोंबलेली. तू मात्र मावशीबरोबर जरूर जा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर शेवाळाचा बहर हिवाळ्यात असतो. ओहोटीची वेळ बघून खडकांवर उतर आणि कोणतं कुठे वाढतं ते डोळ्यांनी बघून ये. परतीची वाट भावनगरवरून वळवता आली तर आणखी चांगलं. मीठ आणि समुद्री शेवाळ, दोन्हींवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था तिथे १९५४ पासून आहे. विभागातल्या बाईंकडून पत्र घेऊन गेलीस तर काही बघायला मिळू शकेल.

याच कारणाने दुकानात कुणी 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळाचा तुकडा दाखवला तर घेऊ नकोस, घोडामासाही नको. वन्यजीव कायद्याने दोन्ही संरक्षित आहेत. दगड तुला पोरबंदरी चालेल, इमारतींना वापरतात तो चुनखडीचा. लिंबू पिळून फसफसला की चुनखडीच समज. धुऊन आठवडाभर पाण्यात भिजवून घे. वाळू महीची किंवा नर्मदेची नको, तिच्यात लोखंडाचे काळे कण असतात. हवं तर लोहचुंबक फिरवून बघ, त्याला काळी मिशी फुटते. तळ मोकळा ठेवलास तरी सुरुवातीला काही अडत नाही.

कोणतं शेवाळ? पहिलं कीटोमॉर्फा. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचा गुंता असावा तसं दिसतं, कशालाही चिकटत नाही, पाण्यात नुसतं घोळत राहतं. प्रवाळ पाळणारे लोक मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत ते वाढवतात आणि फार झालं की उपसून टाकतात. तू विकत घेण्याआधी अशा एखाद्याला गाठ, दुकानातही विचार. मूठभर पुरे. आणल्यावर खाऱ्या पाण्याच्या वाडग्यात झटकून घे. त्यातून केसाएवढे जीव उड्या मारत निघतील, ते ठेव, ते चांगले. छोटं तपकिरी कमळासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो आयप्टेशिया नावाचा उपद्रवी जीव, तेवढा गुच्छ कापून टाक. कीटोने महिनाभरात अंग धरलं की तांबडं ग्रॅसिलेरिया आण. तेही सोशीक आहे आणि हिरव्यात तांबडं उठून दिसतं.

कॉलर्पा सगळ्यांत देखणा, आणि तुला तोच हवा असणार, मला माहीत आहे. पिसासारखी पानं, द्राक्षांसारखे घोस, वाळूवर धावणारी मुळं. आणि हे सगळं मिळून एकच पेशी! आतून कुठेही पडदा नाही, लाखो केंद्रकं एकाच द्रवात वाहताहेत. कात्रीने कापलास तर कापलेल्या तोंडाशी चिकट द्रव येतो आणि बघता बघता गोठून बूच बसतं. पण याच रचनेमुळे तो एक दिवस दगा देतो. परिस्थिती बिघडली किंवा वाढ फार झाली की अख्खा देह युग्मकांत, म्हणजे प्रजननपेशींत बदलतो. आदल्या संध्याकाळी पानं फिकट, जाळीदार दिसू लागतात. पहाटे सगळं पाण्यात सुटतं, टाकी हिरव्या ताकासारखी होते आणि मागे पारदर्शक सालपटं उरतात. तसं झालं तर सालपटं काढ, निम्मं पाणी बदल, पंप जोरात ठेव. म्हणून कॉलर्पा दुसऱ्या वर्षी. आणला की दर पंधरवड्याला थोडा उपटून कमी करत जायचा.

माशांशिवायच्या टाकीत लोक सगळ्यांत जास्त फसतात ते खताच्या बाबतीत. पाणी नितळ, काच स्वच्छ, आणि शेवाळ मात्र फिकं पडून विरत जातं. ते उपाशी असतं. यासाठी महागड्या बाटल्या नकोत. शेती-औषधांच्या दुकानात ठिबकचं विद्राव्य खत मिळतं: १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेलं नको, त्यात तांबं असतं. पहिल्याचे १० ग्रॅम २५० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळव. या द्रावणाच्या ८ मिलिलिटरने तुझ्या ४० लिटरमध्ये नायट्रेट सुमारे ५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वाढतं. दुसऱ्याचा १ ग्रॅम अख्ख्या १ लिटर पाण्यात, त्यातले ३ मिलिलिटर म्हणजे फॉस्फेट ०.०५ पीपीएम. दोन्ही बाटल्या वेगळ्या ठेव. आठवड्याला एकदा एवढं द्यायचं आणि नायट्रेटचं टेस्ट किट वापरून ते ५ ते १५ च्या दरम्यान आहे ना ते बघायचं. काचेवर हिरवी साय जोरात धरू लागली तर निम्मं कर. सुरुवातीच्या आठवड्यांत तपकिरी थर येईल, तो आपोआप जातो, त्याला घाबरून काही ओतू नकोस.

दिवा म्हणून १२ वॅटचे साधे पांढरे एलईडी बल्ब दोन, ६५०० केल्विनचे, घरात लावतो तेच. निळा प्रकाश विकणाऱ्याचं ऐकू नकोस. टायमर लावून दिवसाला दहा तास. दुपारनंतर पानांच्या कडांना बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरलेले दिसले की उजेड पुरतोय. पाणी हलतं ठेवायला ५ वॅटचा छोटा पंप, त्याचा झोत पृष्ठभाग ढवळेल असा वळव, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जात राहतो. आईला सांग: दिवे रोज ०.२४ युनिट, पंप ०.१२ युनिट, महिन्याला ११ युनिटच्या आत. वायर टाकीपासून बोर्डाकडे जाताना मध्ये खाली लोंबती ठेव, म्हणजे ओघळ तिथेच ठिबकतो आणि प्लगात शिरत नाही. बोर्ड टाकीच्या खाली तर नकोच. घरात ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर पहिला खर्च तो, शेवाळ नंतर. खारं पाणी आणि वीज यांत गंमत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि या शेवाळांना २८-३० अंशांपर्यंत बरं असतं. घरातली सगळ्यांत थंड जागा निवड, तळमजल्याची किंवा पाणियाऱ्याशेजारची, म्हणजे माठ ठेवतात तिथली. झाकण काढ आणि पाण्यावर छोटा पंखा तिरका लाव. माठ जसा थंड राहतो तसंच, उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं, दोन-तीन अंश सहज उतरतात. मे महिन्याची हवा कोरडी असते म्हणून हे छान जमतं. खरी कसोटी जूनच्या शेवटी, पाऊस रेंगाळला आणि हवा दमट झाली की, तेव्हा पंखा फिरतो पण पाणी उडत नाही. त्या दिवसांत दिवे रात्री लाव आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून तरंगत ठेव. पंख्याखाली रोज लिटरभर पाणी उडू शकतं. उडतं ते गोडं, मीठ मागेच राहतं. म्हणून काचेवर मार्करने रेघ मार आणि रोज त्या रेघेपर्यंत आरओचं साधं पाणी घाल. मिठाचं पाणी फक्त बदलताना.

तेव्हा सुट्टीत सुरू करायचं ते टाकीची गळती तपासणं, दगड भिजवणं, मीटर जुळवणं, स्टँड बघणं. सगळं मिळून साठ-सत्तर किलो भरेल, लाकडी कपाटावर ठेवू नकोस. आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेव, नाहीतर उडालेल्या खाऱ्या तुषारांनी रंगाचे पोपडे सुटतील. मीठ कालवणं आणि शेवाळ आणणं दिवाळीनंतर, ऑक्टोबरचा उकाडा सरला की. थंडीत त्याला जम बसवायला चार महिने मिळतील.

आजीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जिवंत शेवाळाला वास नसतो, टाकीजवळ नाक नेलं तर किनाऱ्यासारखी हलकी खारट हवा जाणवेल इतकंच. वास सुटतो तो आतल्या गुंत्यात उजेड न पोचल्याने कुजलेल्या भागाला. म्हणून कीटोचा गोळा आठवड्याला एकदा उलटापालटा कर आणि टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वाढला की निम्मा काढ. काढलेला गटारात किंवा सूरसागर तलावात टाकायचा नाही. गच्चीवर उन्हात कडकडीत वाळव आणि कचऱ्यात दे. आजीच्या तुळशीला खत म्हणून घालायचं मनात आलं तर आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन मीठ उतरव, आणि तरी तुळशीला नकोच, एखाद्या बिनमहत्त्वाच्या कुंडीवर आधी करून बघ.